60 जणांची पंगत: पान वाढायचा क्रम, डावं-उजवं आणि त्यामागची कारणं

केळफूल

वास्तुशांतीला अंगणात 60 माणसांची पंगत बसवायची आहे. बुफे नाही, केळीच्या पानावरच. स्वयंपाक आचारी करतील, वाढायला मात्र घरची आठ माणसं आहेत आणि त्यांतल्या कोणीही याआधी पंगत वाढलेली नाही.

बेत असा: साधं वरण-भात, मसालेभात, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, लिंबाचं लोणचं, पापड, जिलबी, मठ्ठा.

क्रमाबद्दल जो तो वेगळं सांगतो. कोणी म्हणतं मीठ मधोमध, कोणी म्हणतं डावीकडे. भात आधी की पुरी आधी? प्रत्येक पदार्थात मीठ असताना पानावर वेगळं मीठ कशाला? चित्राहुती (जेवणाआधी पानाबाहेर ठेवायची भाताची शितं) सगळे घालत नाहीत, मग सुरुवात कधी झाली असं समजायचं? पंगतीत दोन डावखुरी मुलं आहेत, त्यांची पानं उलटी वाढायची का? आणि ही सगळी रीत पेशवाईतली आहे असं सांगतात, ते कितपत खरं? कारणांसकट कळलं तर वाढणाऱ्यांना समजावणं सोपं जाईल.

---

ओगराळं

आधी जागा मोजा, क्रम नंतर. एका पानाला लांबीत 2 फूट धरा. पान साधारण दीड फुटाचं असतं, पण मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे त्याच्या बाहेर जातात. 30-30 च्या दोन ओळी केल्या तर 60 फूट लांबी लागेल, एवढं अंगण सहसा नसतं. 15-15 च्या चार ओळी करा. पहिली-दुसरी समोरासमोर, तिसरी-चौथी समोरासमोर, आणि दुसरी-तिसरी पाठीला पाठ. समोरासमोरच्या दोन ओळींत पानापासून पानापर्यंत 4 फुटांची गल्ली सोडा. त्याहून कमी सोडलीत तर समोरासमोर आलेले दोन वाढपी एकमेकांना ओलांडताना कोणाच्या तरी पानावर पाय पडतो. असं धरून 30 बाय 22 फुटांत सगळं बसतं.

पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. देठाकडची बाजू रुंद असते, ती उजवीकडे येते, आणि जास्त जागा खाणारे पदार्थ उजवीकडेच असतात. मधली शीर जाड असेल तर पान डुगडुगतं, म्हणून पानाच्या पाठीमागून शीर सुरीने तासून घ्या. पानं आदल्या संध्याकाळी आणली तर पुसून, ओल्या गोणपाटात आडवी ठेवा. उभी ठेवलेली पानं शिरांच्या दिशेने फाटतात.

आता पान. समोर धरून वाचा.

वर मधोमध मीठ. हाच पानाचा खांब, याच्यावरून डावं आणि उजवं ठरतं. मिठाच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, मग लोणचं, चटणी, कोशिंबीर, असं खाली उतरत यायचं. डावीकडे अगदी खाली पापड. मिठाच्या उजवीकडे बटाट्याची भाजी, तिच्या शेजारी अळू, आणि त्याखाली, हाताच्या जवळ, गोड. मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. पुरी नंतर येते तेव्हा ती डाव्या-खालच्या बाजूला, पापडाजवळ.

लक्षात ठेवायला एकच सूत्र: जे बोटाने चाटायचं ते डावीकडे, जे घासाने खायचं ते उजवीकडे. खाणारा हात उजवा. पातळ आणि भरपूर लागणारा पदार्थ हाताजवळ असला की घास पानावरून आडवा न्यावा लागत नाही आणि थेंब गळत नाहीत. डाव्या बाजूचा पदार्थ जेवणात चार-पाचदाच लागतो, तो लांब असला तरी चालतो.

अळू सरळ पानावर वाढू नका, पुढच्या पाच मिनिटांत ते भातात आणि जिलबीत पोचतं. द्रोण घ्या. द्रोण पळसाच्या पानाचा असेल तर चोया नीट टोचलेल्या आहेत का ते आदल्या दिवशी पाणी भरून बघा. गळका वाटला तर दोन एकात एक घाला. मठ्ठ्याला पेलेच बरे.

आता कोण काय वाढणार. दोन गल्ल्या आहेत, म्हणजे चार-चार जणांच्या दोन तुकड्या. एका तुकडीकडे 30 पानं. सराव नसलेल्या माणसालाही एका पानाला 5 सेकंद पुरतात, म्हणजे एक पदार्थ अडीच मिनिटांत फिरतो. चौघांनी एकामागून एक, तीन-चार पानांचं अंतर ठेवून निघायचं.

पहिली फेरी माणसं बसायच्या आधी: चौफुल्यातून (कप्प्यांच्या भांड्यातून) मीठ, लिंबू आणि लोणचं एकाने, चटणी दुसऱ्याने, कोशिंबीर तिसऱ्याने, बटाट्याची भाजी चौथ्याने. हे सगळे पदार्थ थंड झाले तरी चालणारे आहेत. मग मंडळींना पानावर बसवायचं आणि गरम पदार्थ काढायचे: अळू, भात, वरण, आणि सर्वांत शेवटी तूप. पापड तुपाच्या आधी फिरवा, फार आधी टाकलेला पापड पानाच्या ओलाव्याने मऊ पडतो. भात लवकर वाढला तर मुदीला वरून साल धरते आणि वरण आत मुरत नाही, ओघळून चटणीत जातं.

मूद वाटीने पाडा, वाटीला आतून तुपाचं बोट फिरवा म्हणजे सुटते. वाढप्याने उलथण्याच्या पाठीने मुदीला मधे खळगा केला तर वरण तिथेच राहतं. त्याला आळं करणं म्हणतात. वरण ओगराळ्यातून (वाढायच्या खोल डावातून) पडताना सलग धार न पडता थबकत पडेल इतपत घट्ट हवं.

तुपाचा माणूस शेवटचं पान करून सरळ उभा राहिला, की पान पूर्ण झालं असं समजायचं. तेव्हा यजमानाने मधे येऊन हात जोडायचे आणि 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं. त्याआधी 'वदनि कवळ घेता' म्हणणारी घरं आहेत. सुरुवातीची खूण म्हणून तो श्लोक सर्वांत सोयीचा, चित्राहुती घालणारा आणि न घालणारा दोघेही त्यावर एकदम हात घालतात.

सुरू झाल्यावरचा क्रम: वरण-भात होत आला की पुरी, तिच्यामागे जिलबी आणि भाज्यांची दुसरी फेरी. मग मसालेभात, त्यावर पुन्हा तूप. शेवटी मागचा भात, म्हणजे थोडा साधा भात आणि मठ्ठा. काही घरांत मसालेभात वरण-भाताच्या लगेच मागे येतो. दोन्ही चालतं, पण आठही वाढप्यांना एकच क्रम पाठ हवा. एका गल्लीत जिलबी आणि दुसरीत मसालेभात असं झालं की पंगत एकदम उठत नाही.

मापं, 60 माणसं आणि 8 वाढपी मिळून 68 धरून:

साध्या भाताला तांदूळ 4 किलो (पहिला आणि मागचा भात मिळून), मसालेभाताला साडेतीन किलो. वरणाला तूरडाळ 2 किलो. बटाटे 5 किलो. पुऱ्या माणशी 5 म्हणजे 340. एक किलो कणकेच्या 60 ते 65 होतात, तेव्हा कणीक साडेपाच किलो. काकडी साडेतीन किलो. जिलबी माणशी 100 ग्रॅमपेक्षा थोडी जास्त, साडेसात किलो. मठ्ठा 16 ते 17 लिटर. तूप तीनदा फिरतं, दर वेळी एक छोटा चमचा, तेव्हा 1 किलो पुरतं. लिंबं 10, एकाच्या 8 फोडी. मीठ 100 ग्रॅमही संपत नाही.

वाढप्यांचं जेवण पंगत बसायच्या आधी वेगळं काढून झाकून ठेवा. आग्रहाच्या भरात पहिल्यांदा संपते ती जिलबी, आणि ज्यांनी दोन तास वाकून वाढलं त्यांनाच ती मिळत नाही.

---

मुदपाक

ओगराळं यांनी मांडणी चोख सांगितली आहे. कारणांपैकी एक त्यांनी गृहीत धरलं, ते मी उघड करतो. पंगतीचे बहुतेक नियम उष्टं आणि खरकटं या दोन शब्दांवर उभे आहेत आणि हे दोन शब्द एक नाहीत.

उष्टं म्हणजे कोणाच्या तरी तोंडाशी किंवा जेवत्या हाताशी संबंध आलेलं अन्न. खरकटं म्हणजे शिजवलेल्या अन्नाचा, विशेषतः भाताचा, स्पर्श झालेली वस्तू: हात, भांडं, जमीन. उष्टं माणसामुळे होतं, खरकटं अन्नामुळे. म्हणून भात वाढणाऱ्याच्या हातात तुपाची वाटी देत नाहीत. त्याचा हात उष्टा नाही, पण खरकटा आहे. लोणच्याचंही तेच. बरणीत भाताचं एक शीत पडलं तरी बुरशी धरते, हे स्वयंपाकघरात ज्यांनी लोणचं सांभाळलं त्यांना कोणी सांगावं लागत नाही. तुकडीतल्या चौघांची कामं वेगळी ठेवण्यामागे हा हिशेब आहे.

ओगराळं पानाला टेकवायचं नाही, हा दुसरा नियम. जेवण सुरू झाल्यावर पानावरचं सगळं उष्टं. त्याला डाव टेकला तर जुन्या समजुतीप्रमाणे बादलीतलं सगळंच उष्टं झालं. म्हणून वाढपी वीतभर वरून पदार्थ सोडतो. आज सोवळं कोणी पाळत नसेल, पण साठ माणसांच्या पानांना एकच डाव टेकत फिरणं स्वच्छतेच्या दृष्टीनेही वाईटच.

पाण्याचं भांडं पानाच्या डावीकडे ठेवायचं, कारण उजवा हात खरकटा असतो आणि पाणी डाव्या हाताने प्यायचं असतं. लहान मुलांना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर भांडी पानाच्या उजवीकडे सरकतात आणि वाढप्याच्या पायाशी सांडतात.

डावखुऱ्या मुलांची पानं उलटी वाढू नका. वाढपी न बघता हाताच्या सवयीने जागा शोधत असतो. तीस पानांत एक उलटं आलं की तो अडतो, आणि मीठ जिलबीवर पडतं. मुलाला हव्या त्या हाताने जेवू द्या आणि ओळीच्या अशा टोकाला बसवा, की त्याचा डावा हात मोकळ्या बाजूला येईल. शेजाऱ्याचा उजवा हात आणि याचा डावा हात एकमेकांवर आदळणं, एवढीच खरी अडचण असते.

आता पेशवाई. पेशवाईत पंगतीचा थाट वाढला, यात शंका नाही. सवाई माधवरावांच्या 1783 मधल्या लग्नासाठी नाना फडणवीसांनी तपशीलवार याद्या करून कामं वाटून दिली होती. पण क्रमाचा सांगाडा त्याहून पुष्कळ जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या 1129 च्या सुमारास रचलेल्या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचं प्रकरण आहे. त्यात राजाने कसं बसावं, नाभीपासून गुडघ्यापर्यंत पांढरं वस्त्र कसं पसरावं, सोन्याच्या ताटात वाट्या कशा मांडाव्यात हे येतं. सुरुवातीला भात, मूग आणि तूप, शेवटाकडे दही-ताक. तूरडाळ सोडली तर आपला पहिला आणि मागचा भात तिथे दिसतो. सतराव्या शतकातल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहल' या ग्रंथातही अन्नाचा आणि जेवणाच्या रीतीचा असाच पसारा आहे.

जिलबी जेवणाच्या अधेमधे येते आणि शेवटी येत नाही, याचंही मूळ जुनं आहे. सुश्रुताने गोड आधी, आंबट-खारट मधे आणि बाकीचे रस नंतर असा क्रम सांगितला आहे. जेवण संपवून मग वेगळं गोड, ही युरोपीय मेजाची पद्धत. आपल्याकडे गोडाच्या मागे ताक येतं आणि तोंड ताकाने साफ होतं.

---

मांडवीतीर

मीठ वेगळं कशाला, या प्रश्नाचं उत्तर भातात आहे. साधा भात अळणी शिजवायचा आणि जेवणाऱ्याने आपल्या चवीप्रमाणे मीठ घ्यायचं, ही कोकण-गोव्याची आणि बऱ्याच महाराष्ट्राची रीत. वरणही काही घरांत मिठाला कमीच असतं. मग पानावर मीठ नसेल तर पहिला घासच अडतो. म्हणून ते सर्वांत आधी वाढतात.

ही रीत किती ओळखीची होती याचा एक पुरावा गोव्याच्या इतिहासात आहे, आणि तो क्लेशकारक आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये एक लांबलचक हुकूम काढला. धर्मांतर झालेल्यांनी कोणत्या हिंदू चालीरीती सोडायच्या याची त्यात यादी आहे: धोतर नेसणं, चोळी घालणं, दारात तुळस लावणं. त्याच यादीत मिठाशिवाय भात शिजवून नंतर वरून मीठ घेणं, हेही मना केलं आहे. भातात मीठ कधी पडतं यावरून घर कोणत्या धर्माचं ते ओळखता येत होतं, आणि म्हणूनच ते गुन्ह्यात जमा झालं. पानावरची ती चिमूट वाढताना मुलांना हे जरूर सांगा.

वाढण्याच्या बाबतीत दोन गोष्टी. मीठ बारीक आणि कोरडं हवं, पावसाळ्यात आदल्या दिवशी तव्यावर गरम करून घ्या. ओल्या पानावर टाकलेलं मीठ पाच मिनिटांत विरघळून लोणच्याकडे वाहतं, म्हणून मिठाची जागा आधी कोरड्या फडक्याने पुसायची. आणि मीठ चिमटीने नको, छोट्या चमच्याने. चौफुल्यातला लोणच्याचा चमचा मिठात गेला की मीठ पिवळं होतं आणि मग ते कोणी घेत नाही.

ओल्या नारळाची चटणी वाढायच्या आत पाणी सुटून पसरत असेल तर तिच्यात चमचाभर भाजलेली डाळ वाटून घाला. काकडीला मीठ आणि दही ऐन वेळी, पहिल्या फेरीच्या दहा मिनिटं आधी लावा. चोचवलेली काकडी पिळून घेतली तर आणखी बरं.

---

केळफूल

मिठाची गोष्ट ठाऊक नव्हती. धन्यवाद.

दोन शंका राहिल्या. दहा-बारा वडीलधाऱ्यांना खाली बसता येत नाही, त्यांची टेबलं वेगळी मांडली तर ती पंगतीतली समजायची का? आणि वास्तुशांतीचा दिवस थंडीतला आहे, तूप थिजेल त्याचं काय?

---

ओगराळं

तुपाचं सोपं आहे. तूप पातेल्यात न ठेवता छोट्या तांब्यात किंवा लोटीत घ्या आणि ती लोटी कढत पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा. दोन गल्ल्यांना दोन लोट्या, तिसरी पाण्यात. तूप उकळतं नको. उकळतं तूप मुदीवर पडलं की वरणात उतरून जातं, वर दिसत नाही, आणि मग जेवणारा आणखी मागतो.

टेबलं वेगळ्या खोलीत नकोत. चारपैकी एका ओळीच्या टोकाला, त्याच गल्लीच्या रेषेत लावा, म्हणजे वाढपी तसाच पुढे चालत जातो. टेबलाची उंची अडीच फूट, म्हणजे वाढप्याला अचानक हात वर करून वाढावं लागतं आणि बादली टेकवायला जागा नसते. टेबलाच्या सुरुवातीला एक स्टूल ठेवा. टेबलावरून पान सरकतं, त्याच्याखाली ओलं फडकं किंवा कागद घाला. आणि टेबलाची पानं सर्वांत आधी वाढू नका, सर्वांच्या बरोबर वाढा. वडीलधारे हात जोडून बसून राहतात आणि त्यांचा भात गार होतो.

---

पाटपाणी

टेबलाच्या प्रश्नात पंगतीचा सर्वांत कडक नियम दडलेला आहे: पंक्तिप्रपंच करायचा नाही. एका ओळीत बसलेल्या सर्वांना तेच अन्न, तेवढंच, त्याच क्रमाने. पाहुण्याला जास्त तूप आणि शेजाऱ्याला कमी, हा पंक्तिप्रपंच. हा शब्द आपण आता कुठल्याही पक्षपाताला वापरतो, पण त्याची जागा पानावर आहे. ओगराळं यांनी तूप छोट्या चमच्याने मोजायला सांगितलं, त्यामागे ही गोष्ट आहे. धारेने वाढलेलं तूप ओळखीच्या माणसाच्या पानावर नकळत जास्त पडतं.

पण याच नियमाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, कारण पंगतीचा इतिहास फक्त रांगोळी-उदबत्तीचा नाही. ओळीच्या आत समता आणि ओळ कोणाची हे मात्र जातीने ठरलेलं, अशी ती रचना होती. कोणाच्या पंक्तीला कोण बसतो यावरून माणसाची जात आणि घराची प्रतिष्ठा मोजली जायची, आणि पंक्तीबाहेर काढणं ही मोठी शिक्षा होती. म्हणूनच सुधारकांनी पहिला हात घातला तो ताटाला. 1849 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या परमहंस सभेचे सभासद गुप्तपणे जमून परजातीच्या हातचं खात-पीत. पुण्यात 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून टिळक आणि रानडे यांच्यासकट कितीतरी प्रतिष्ठितांवर बहिष्काराचं प्रकरण उभं राहिलं आणि ते पुढे काही वर्षं चाललं. एक कप चहा होता तो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि तिथे जाऊन स्वतः चहा घेतला. रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजनं झाली. पंढरीच्या वारीतला काला त्याआधीपासून होताच, तिथे एकमेकांच्या मुखात घास घालताना उष्टं मोजत नाहीत.

म्हणून केळफूल, तुमच्या पंगतीत एक गोष्ट करा. मांडव घालणारे, आचाऱ्यांबरोबरची माणसं, गवंडी-सुतार, ज्यांनी ते घर बांधलं, त्यांना मागच्या दाराला दुसरी पंगत नको. साठांत त्यांना मोजा आणि मधल्या ओळीत बसवा.

चित्राहुतीबद्दल थोडं. ज्यांना घालायची त्यांनी पानाच्या उजव्या बाजूला, पानाबाहेर, तूप-भाताची लहान शितं ठेवायची आणि भोवती पाणी फिरवायचं. मग आपोष्णी, म्हणजे तळहातातलं पाणी पिणं, आणि प्राण, अपान, व्यान, उदान, समान यांच्या नावाने दाताला न लावता छोटे घास. यासाठी पानाच्या उजवीकडे चार बोटं जागा आणि तळहातात पाणी घ्यायला भांडं हाताशी लागतं, एवढंच वाढणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं. मुंग्या तिकडे जाव्यात म्हणून चित्राहुती, असं एक कारण हल्ली मोबाइलवर फिरतं. चित्राहुती यम, चित्रगुप्त यांच्या नावाने घालतात. तो आपल्या अन्नातला वाटा आधी काढून ठेवणं आहे. त्याला मुंग्यांचं शास्त्र जोडायची गरज नाही.

---

तापीकाठ

वरची सगळी चर्चा पुणे-कोकणच्या पानाची चालली आहे, म्हणून खानदेशातलं नोंदवतो. इकडे लग्नाकार्याला, भंडाऱ्याला वरण-बट्टीची पंगत असते आणि तिचा क्रम पूर्ण वेगळा आहे. पान मुदीने सुरू होत नाही. आधी बट्टी, गव्हाच्या जाडसर पिठाची, थोडं मक्याचं पीठ, हळद, ओवा घालून, वाफवून, कापून तळलेली. जेवणारा ती दोन्ही हातांनी कुस्करतो आणि स्वतःच आळं करतो. मग वाढपी बादलीतून वरण ओततो, त्यावर तूप, आणि बाजूला वांग्याची घोटलेली भाजी. इथे वरण पातळच हवं, कारण कुस्करलेली बट्टी ते शोषून घेते. घट्ट वरण वाढलं तर घास कोरडा होतो आणि पाण्यावर पाणी जातं.

इकडची पानं पत्रावळीची, आणि वरण सरळ पत्रावळीवर येतं, म्हणून दोन पत्रावळी एकावर एक ठेवायची सवय आहे. जमीन उताराची असेल तर खालच्या अंगाला पत्रावळीखाली मातीचं ढेकूळ किंवा छोटा दगड ठेवतात. वाढप्याने बट्टी कुस्करून होईपर्यंत थांबायचं असतं. न कुस्करलेल्या बट्टीवर वरण ओतलं तर ते सगळं पत्रावळीच्या काठाकडे पळतं, आणि घाईत नवखे वाढपी नेमकं हेच करतात.

पुण्याकडच्या पाहुण्याला दोन्ही हातांनी कुस्करणं चमत्कारिक वाटतं. वरण पडायच्या आधी दोन्ही हात चालतात, पडल्यावर फक्त उजवा.

---

मुदपाक

तापीकाठ, ही नोंद महत्त्वाची आहे. 'महाराष्ट्रीय पान' म्हणून छापील चित्रात जे दिसतं ते एका भागाचं, एका थराचं पान आहे.

आग्रहाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून जोडतो. आग्रह हा पंगतीचा वेगळा टप्पा आहे आणि तो फक्त गोडाच्या फेरीत करायचा. यजमान स्वतः ताट घेऊन फिरतो. जेवणाऱ्याने पानावर आडवा तळहात धरला की एकदा आणखी विचारायचं, दुसऱ्यांदा हात धरला की पुढच्या पानाकडे जायचं. हात बाजूला करून वाढणं, हातावरच जिलबी ठेवणं, याला जुन्या लोकांनी कौतुकाने नावाजलं असलं तरी त्याने पानात अन्न टाकलं जातं, आणि पानात टाकणं हा पंगतीतला मोठा दोष. मधुमेह असलेला माणूस दर पंगतीत चार-चौघांसमोर कारण देत बसतो, तेही थांबवायला हवं. वाढप्यांना सांगून ठेवा: हात आडवा म्हणजे नाही.

वाढप्याने पंगतीत 'संपलं' म्हणायचं नाही. 'आणतो' म्हणून आत जायचं, आणि नसेल तर त्याऐवजी दुसरा पदार्थ घेऊन यायचं.

---

ओगराळं

उठण्याचं राहिलं. मागचा भात झाला की कोणीही एकटं उठायचं नाही. वेग सगळ्यांचा सारखा नसतो, हळू जेवणाऱ्याला शेजारचं रिकामं पान बघून घाई होते. सर्वांत सावकाश जेवणाऱ्याचा हात थांबेपर्यंत यजमान मठ्ठा घेऊन फिरत राहतो. मग यजमानाने 'आता हात धुवा' म्हटलं की सगळे एकदम उठतात. हात धुवायला 60 जणांना एक नळ पुरत नाही, मांडवाच्या दोन टोकांना दोन पिंपं आणि चार तांबे ठेवा, आणि पाणी वाहून जायला चर काढा. विडे तिथेच, हात पुसायच्या पंचाशेजारी.

पान जेवणाऱ्याने उचलायचं नाही आणि दुमडायचंही नाही. दुमडणं दक्षिणेकडची रीत आहे. आपल्याकडे पानं यजमानाकडची माणसं उचलतात: द्रोण आधी वेगळे, पेले वेगळे, मग पान डावी-उजवी बाजू आत घेऊन गुंडाळायचं, म्हणजे शितं जमिनीवर पडत नाहीत. जिथे शितं पडतील तिथे दुसऱ्या पंगतीच्या आधी ओलं फडकं फिरवावं लागतं, कारण भाताच्या शितावरून पाय घसरतो. केळीची पानं आणि पळसाचे द्रोण गुरांना जातील किंवा खड्ड्यात, पण पापडाचे प्लॅस्टिकचे कागद आणि पेले त्यांत जाऊ देऊ नका. कचऱ्याला दोन पिंपं नाही, तीन ठेवा.

आणि आदल्या दिवशी आठही वाढप्यांना पाच रिकाम्या पानांवर एकदा पूर्ण क्रम करायला लावा, मीठ ते तूप, बादलीत नुसतं पाणी घेऊन. कोण कोणाला अडतो ते तेव्हाच दिसतं.

---

केळफूल

जागा मोजली, 32 बाय 24 निघाली, चार ओळी बसतात. कारागिरांची सात माणसं आधी साठांत धरलेली नव्हती, ती धरली, म्हणजे आता पानं 67 आणि वाढपी मिळून 75. त्या हिशेबाने तांदूळ साध्या भाताला साडेचार किलो, मसालेभाताला चार, जिलबी सव्वाआठ किलो सांगते. दुसऱ्या ओळीच्या टोकाला टेबलं. सराव शनिवारी संध्याकाळी.